दोन जिवांचा जावई

माझ्या सासूबाई, सरोजिनीबाई, परजीवीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. माणसाच्या अंगात फुकट राहणारे आणि फुकट खाणारे जे जे प्राणी असतात, त्यांचा अभ्यास त्यांनी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात जन्मभर केला. जावई या प्राण्याकडेही त्यांनी त्याच नजरेने पाहिलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. निदान पाहिलं तरी असतं.

पण नाही. लग्न ठरलं तेव्हा मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो असं सांगितलं, त्यावर त्या "असं का" म्हणाल्या आणि पुन्हा पोह्यांकडे वळल्या. त्यानंतर इतक्या वर्षांत आमचं फोनवरचं बोलणं "तेजश्री आहे का?" आणि "देतो हं" यापलीकडे गेलं नाही. मी मानाचा भुकेला माणूस आहे. सगळेच असतात, मी कबूल करतो एवढंच. आता टोकियोत, तोयोसुच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा जयेश बघा. ऑफिसात त्याला कुणी काडीची किंमत देत नाही, पण अधिक महिना लागला की त्याच्या सासूबाई नाशिकहून कुरिअरने अनारसे आणि चांदीची वाटी धाडतात. यंदा त्याने त्या ताटाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. जपानी मंडळींना वाटलं याचा वाढदिवस आहे. त्यांनी केक आणला, आणि या पठ्ठ्याने तोही कापला.

नेमक्या त्याच अधिक महिन्यात माझ्या सासूबाई आमच्या हिगाशी-कसाईच्या घरी राहायला आल्या. त्यांना आणायला विमानतळावर गेलो तेव्हा मनात म्हटलं, सत्यजित, या खेपेला तरी. घरी येऊन त्यांनी बॅग उघडली. लेकीला साड्या, गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ. मला मोज्यांची जोडी. तीही विमानात फुकट मिळालेली, पाकिटासकट.

हे एवढं सांगितलं, कारण त्याआधी मे महिन्याच्या सुट्टीत ओकुमुरा-सानच्या गावी मी जे केलं ते का केलं, हे कळावं. ओकुमुरा-सान माझे टीम लीडर. ते मला यामागाताच्या डोंगरात आपल्या आईवडिलांकडे घेऊन गेले. त्यांच्या वडिलांनी त्याच सकाळी नदीत पकडलेला मासू मासा माझ्यासमोर चिरला आणि पहिला गुलाबी काप माझ्या बशीत ठेवला. मग म्हातारा, म्हातारी, ओकुमुरा-सान आणि त्यांची बायको, सगळे मांडीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसले. पाहुणा खाईपर्यंत कुणी चॉपस्टिकला हात लावेना. आमच्याकडे मासे खातात, पण आमटीतले. कच्च्या माशाला मी टोकियोत कायम नाही म्हणत आलोय. पण असा मान मला माझ्या सासुरवाडीत कधी मिळाला नव्हता! मी काप तोंडात टाकला, "ओइशी", म्हणजे छान लागतंय, म्हणालो, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांसाठी मी आणखी एक खाल्ला. मग आणखी. शेवटी म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा बशी रिकामी होती.

सासूबाई येऊन काही दिवस झाले असतील. एका सकाळी मी संडासात गेलो. जपानी संडास हे मोठं विद्वान यंत्र आहे; ते गरम होतं, गाणं म्हणतं, फवारे मारतं. पण त्या सकाळी मी जे पाहिलं त्यावर त्याच्याकडेही बटण नव्हतं. एक पांढरी, चपटी, फितीसारखी वस्तू माझ्यापासून निघून खाली लोंबत होती. आदल्या रात्री मी किशिमेन खाल्ल्या होत्या, म्हणजे इथल्या चपट्या, रुंद शेवया. मला वाटलं त्यातलीच एखादी न चावता गेली. मी ओढली. ती आली, अजून आली, अजूनही आली, आणि तुटली. मग हातातला तुकडा हळूच आखडला. शेवई असं करत नाही हे माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यालाही कळतं.

तेव्हाच पाण्याबरोबर सोडून दिला असता तर पुढचं काही झालंच नसतं. पण आधी वाटलं, डॉक्टरला दाखवावा लागेल, म्हणून तो एका झिपच्या पिशवीत भरला. मग वाटलं, डॉक्टरला जपानीत काय सांगणार, नकोच. म्हणून ती पिशवी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात, चहाच्या चोथ्याखाली खुपसली, हात चार वेळा धुतले आणि पेपर वाचत बसलो.

आता सासूबाईंचं असं, की आल्या दिवसापासून त्यांना इथल्या कचऱ्याने वेड लावलं होतं. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, कोणत्या वारी काय न्यायचं ते वेगळं. जन्मभर प्राण्यांची कुळं आणि जाती लावलेल्या बाईला याहून चांगला विरंगुळा कुठला मिळणार? खाली नेण्याआधी त्या प्रत्येक पिशवी उघडून तपासायच्या, आणि त्यात माझा गुन्हा सापडला की लेकीला दाखवायच्या. मला नाही, लेकीला.

"तेजू, जळणाऱ्या कचऱ्यात प्लास्टिक!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"त्याला किती वेळा सांगितलंय," तेजश्री म्हणाली.

मग पिशवी नळाखाली धुतल्याचा आवाज आला. मी पेपर डोळ्यांसमोर धरला, पण तो उलटा होता.

सासूबाई बाहेर आल्या. दोन बोटांत पिशवी, ती खिडकीच्या उजेडात धरलेली. "सत्यजित, हे तुमचं आहे?"

मी उठून उभा राहिलो आणि मान डोलावली.

"तुमच्या पोटातलं?"

तेजश्रीने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ती सोफ्याच्या पार त्या टोकाला जाऊन बसली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण सासूबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. तोंडभर. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा त्या अशा हसलेल्या नाहीत.

"उभे का तुम्ही? बसा ना," त्या म्हणाल्या. "चहा घेणार?"

मी चहा घेईपर्यंत त्यांनी घर डोक्यावर घेतलं. त्यांना तो तुकडा दाबून बघायला दोन काचा हव्या होत्या. त्यांनी भिंतीवरून आमच्या लग्नाचा फोटो काढला, मागचा पुठ्ठा उचकटला आणि काच मोकळी केली. दुसरी काच त्यांच्याच निरोपसमारंभाच्या फोटोची घेतली. पक्षपात केला असं मला म्हणता येणार नाही. दोन काचांमध्ये माझा तुकडा दाबून त्या बाल्कनीत गेल्या आणि फोनचा कॅमेरा मोठा करून बघत राहिल्या.

"एकेका कप्प्याची लांबीपेक्षा रुंदी जास्त! मधोमध फुलासारखा डाग! तेजू, ये इकडे, बघ. डुकराचा नाही, गाईचा नाही. माशाचा आहे, माशाचा! सत्यजित, तुम्ही कच्चा मासू खाल्लात का हो?"

मी यामागाताची सगळी कथा सांगितली. टाळ्यांचा भाग वगळला.

"शाबास," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. हा पट्टकृमी. पाठ्यपुस्तकातला, थंड देशातला. आयुष्यभर हजारो पोरांना त्यांनी तो शिकवला, पण स्वतः कधी ताजा पाहिला नव्हता, कारण मुंबईत असला रोगी येणार कुठून? कॉलेजच्या म्युझियममध्ये परदेशातून आलेली एक बरणी होती. तिच्यातल्या कृमीला डोकं नव्हतं.

"दरवर्षी पहिल्या बाकावरचं कुणीतरी विचारायचं, मॅडम, डोकं कुठाय? आणि दरवर्षी मी म्हणायचे, चित्रात बघा." त्या माझ्या पोटाकडे बघत होत्या. "डोकंच तर महत्त्वाचं. मोहरीएवढं असतं. आतड्याला धरून बसतं. बाकी फीत कितीही तुटू दे, डोकं राहिलं की पुन्हा वाढतो. ओढलीत ना तुम्ही?"

"थोडीशी."

"ओढायचं नसतं हो," त्या इतक्या मायेने म्हणाल्या, की मला आणखी कृमी असते तर तेही काढून दिले असते.

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. टोकियोतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली, आणि तोवर घरात माझे असे लाड सुरू झाले की जयेशने बघितले असते तर वाटी परत पाठवली असती. सकाळी घावन, दुपारी डब्यात भरली वांगी, संध्याकाळी वरणभातावर तुपाची धार. मी ऑफिसातून आलो की सासूबाई दारात. "कसं वाटतंय? पोटात काही वळवळ? पुन्हा तुकडे पडले?" इतकी आपुलकीची चौकशी माझ्या स्वतःच्या आईने केलेली नाही.

जेवताना त्या इतिहास सांगायच्या, आणि मला बघून सांगायच्या. पूर्वी लोकांना वाटायचं, कृमी पोटात आपोआप तयार होतात, शिळंपाकं खाल्लं की झालं. कुणाला वाटायचं, हा एक प्राणी नाहीच, भोपळ्याच्या बियांसारखे पुष्कळ प्राणी एकमेकांना धरून रांगेत चाललेत. त्याला डोकं आहे हे पटायलाच कितीतरी शतकं गेली. तो पकडायला एका अमेरिकन डॉक्टरने तर सापळा काढला होता, उंदराचा असतो तसाच, पण गिळायचा. आत खाऊ, बाहेर दोरी. रोग्याला उपाशी ठेवायचं, म्हणजे भुकेने कृमी खाऊकडे येणार आणि अडकणार.

"आणि रोग्याचं काय व्हायचं?" तेजश्रीने विचारलं.

"त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं," सासूबाई म्हणाल्या आणि मला आणखी भात वाढला.

मग जर्मनीतला डॉक्टर. डुकराच्या मांसातल्या बारक्या फोडी हीच या कृमीची पोरं, असं त्याचं म्हणणं होतं आणि कुणी ऐकेना. त्याने फाशीच्या कैद्याच्या सुपात त्या फोडी घातल्या आणि फाशीनंतर पोट उघडून बघितलं, तर छोटे पट्टकृमी निघाले. बाल्टिककडच्या एका प्राध्यापकाने माशातल्या अळ्या आपल्या विद्यार्थ्यांनाच खायला दिल्या.

"विद्यार्थ्यांना पास केलं का मग?" मी विचारलं.

"ते कुठे लिहिलेलं नाही. आणि इथले एक जपानी प्राध्यापक, त्यांनी मासू माशातली अळी स्वतःच गिळली. सव्वाशे वर्षं होऊन गेली. म्हणजे बघा सत्यजित, तुम्ही कुणाच्या पंगतीला बसलात!"

मी ताठ बसलो. जयेशकडे वाटी होती, पण तो इतिहासात गेला नव्हता.

"तरी कितीतरी वर्षं या जपानी कृमीला युरोपातल्याच कृमीच्या नावाने ओळखायचे," सासूबाई पुढे म्हणाल्या. "हा निराळा आहे, याला स्वतःचं काहीतरी आहे, हे अगदी परवापरवा लोकांच्या लक्षात आलं. इतके दिवस कुणी नीट बघितलंच नव्हतं."

नीट न बघितल्याचं दुःख मला कुणी समजावून सांगायला नको. मी मनातल्या मनात पोटावर हात ठेवला.

पण रात्री वरणभातावर ती तुपाची धार पडताना बघून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला, पोटातला होता तो वेगळा. हे तूप नक्की कुणासाठी? शेवटी मी हसत हसत विचारलं, "आई, हे माझ्यासाठी की त्याच्यासाठी?"

"दोघांनाही पुरेल," त्या म्हणाल्या. त्याही हसत होत्या, पण नाही असं काही म्हणाल्या नाहीत.

तेजश्रीला मात्र काहीच गोड वाटत नव्हतं. ती दिवाणखान्यात झोपायची. "डोहाळजेवण कधी करायचं सांग," ती म्हणायची. "दोन जिवांचा तू. झोपाळा बांधू, फुलांची वाडी भरू, जयेशला ओटी भरायला बोलावू." आणि सासूबाई तो कृमी बरणीत घालून चेक-इन बॅगेतून मुंबईला न्यायच्या म्हणतात हे कळल्यावर तिने विचारलं, "माझ्या लोणच्याच्या बरणीत?"

खरा गोंधळ केला तो मी. हॉस्पिटलची वेळ जवळ आली तशी मला धडकी भरली. कृमी गेला की माझं काय राहणार? घावन जाणार, इतिहास जाणार, दारातली चौकशी जाणार, आणि पुन्हा "तेजश्री आहे का?" सुरू होणार. मी हॉस्पिटलला फोन करून ऑफिसातलं मोठं काम सांगितलं आणि वेळ पुढे ढकलली.

तेजश्रीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सत्यजित, लाज आणलीस." आणि मग थोडं थांबून, "आईकडून प्रेम हवंय तर सरळ माग ना. पोटात प्राणी कसले पाळतोस?"

मागून मिळालं तर तो मान कसला?

मधल्या काळात ओकुमुरा-सानना सांगणं भागच होतं, कारण त्यांच्या घरच्यांनीही तपासून घ्यावं असं तेजश्रीचं म्हणणं पडलं. ऑफिसात मी कसंबसं सांगितलं. ओकुमुरा-सान पांढरेफटक पडले. रविवारी ते सुटाबुटात, हातात महागड्या मिठाईचा खोका घेऊन आमच्या दारात हजर झाले आणि कंबरेत वाकले ते वर येईनात. घराण्याच्या वतीने माफी, वडिलांच्या वतीने माफी, मला वाटतं, बहुतेक माशाच्या वतीनेही माफी.

सासूबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना वर उचललं. "थँक यू! थँक यू व्हेरी मच!" आणि मग माझ्याकडे वळून, "विचारा त्यांना, वडिलांना कधी तुकडे पडले होते का? त्यांना डोकं मिळालं होतं का?"

मी जमेल तितक्या अदबीने भाषांतर केलं. ओकुमुरा-साननी तिथल्या तिथे वडिलांना फोन लावला. म्हातारा खदाखदा हसला. तरुणपणी दोनदा झाला होता म्हणे, गावात सगळ्यांनाच व्हायचा, डोकंबिकं कुणी बघितलं नाही. आणि भारतीय पाहुण्याला अजून मासू हवा असेल तर पाठवतो. ओकुमुरा-सान पुन्हा वाकले. या वेळी मीच त्यांना वर उचललं.

शेवटी हॉस्पिटलचा दिवस आलाच. डॉक्टर इनागाकी तिशीतले, हडकुळे, आणि सासूबाई कोण ते कळल्यावर त्यांना "सेन्सेई, सेन्सेई", म्हणजे गुरुवर्य, म्हणता थकेनात. ते दोघं इंग्रजीत बोलायला लागले, मधूनमधून लॅटिन. मी मध्ये बसलो होतो, म्हणजे खरं तर माझं पोट बसलं होतं. मग डॉक्टर माझ्याकडे वळून भराभर जपानीत काहीतरी समजावून सांगायला लागले. आता, इथे नोकरी करणाऱ्या आम्हा सगळ्यांना एक सवय असते. मीटिंगमध्ये काही कळलं नाही की चेहरा गंभीर करायचा आणि दर वाक्याला "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवायची. नंतर ईमेल येतं, त्यावरून काय ठरलं ते बघायचं. मी तसंच केलं. डॉक्टर खूश झाले, सासूबाईंचे डोळे चमकले, आणि ईमेल काही आलं नाही.

आली ती नर्स, आणि तिच्या ट्रेमध्ये एक लांब, पारदर्शक नळी.

"ही कुठे?" मी इंग्रजीत विचारलं.

डॉक्टरांनी आपल्या नाकावर बोट ठेवलं आणि ते घसा, छाती असं करत पोटापर्यंत नेलं. दोन उपाय असतात हे तेव्हा मला कळलं. एक गोळी. ती घेतली की कृमी मरतो, जुलाबाबरोबर पडतो, पण त्या धांदलीत डोकं बहुतेक हाती लागत नाही. दुसरा, ही नळी आतड्यापर्यंत घालून औषध सोडायचं आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत राहायचं. त्यात तो अख्खा येतो, जिवंत, डोक्यासकट. हा उपाय हल्ली क्वचित करतात. डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं होतं म्हणे, आणि मी अतिशय ठामपणे हाय म्हटलं होतं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी रिकामी बरणी मांडीवर घट्ट धरली होती. लोणच्याचीच होती. मी म्हटलं, "ठीक आहे."

नर्सने नाकात काहीतरी फवारलं आणि डॉक्टरांनी नळी सरकवायला सुरुवात केली. ते कसं वाटतं ते मी सांगणार नाही. माणसाने जेवून हे वाचायला घेतलेलं असतं. मला उमासे आले, डोळ्यांतून धारा लागल्या, पाय ट्रेला लागून ट्रे खाली पडला. डॉक्टर म्हणत होते, गिळा, गिळा. मी गिळायचा प्रयत्न करत होतो. त्या वेळीही माझ्या मनात हेच होतं, की डोकं मिळालंच पाहिजे. नाही मिळालं तर मी परत मोजेवाला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर थांबले नाहीत, कारण त्यांना मराठी येत नव्हतं.

"स्टॉप! काढा ती! रिमूव्ह इट!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. बरणी लोळत कपाटाखाली गेली. "गोळी द्या. टॅब्लेट!"

नळी निघाली. मी माशासारखा तोंड उघडून श्वास घेत होतो. डॉक्टर गोंधळून म्हणाले, "बट सेन्सेई, द हेड..."

"डोकं राहू द्या!" त्या इतक्या चिडल्या होत्या की सगळं मराठीतच बोलत होत्या. "हाल बघा यांचे! माझे जावई आहेत हे. सॅम्पल नव्हेत!"

डॉक्टरांना त्यातला "सॅम्पल" हा एकच शब्द कळला. त्यांनी घाईघाईने कपाटाखालची बरणी काढून त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी ती खाली आपटली आणि पदराने माझं तोंड पुसलं. पदराने! मी नाक ओढत म्हटलं, "आई, मला जमेल, पुन्हा घालू द्या." त्या म्हणाल्या, "गप्प बसा."

मला रडू येत होतं. काही नळीमुळे होतं, काही नव्हतं.

गोळी घेतली. मग जुलाबाचं औषध, मग कोमट पाण्याची बादली, आणि मग जे व्हायचं ते झालं. तो आला. इनागाकींनी त्याची लांबी सांगितली तेव्हा माझा विश्वास बसला नाही. एवढा ऐवज माझ्यात मावला कुठे? जाड बाजूकडून बारीक होत होत तो दोऱ्याएवढा झाला होता, आणि तिथेच तुटला होता. पुढचा जो मोहरीएवढा भाग, तो नव्हता.

तेजश्री ऑफिसातून थेट आली. मी पलंगावर पडलो होतो, पिळून काढलेल्या फडक्यासारखा. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या शेजारी बसली. "आई कुठेय?" तिने विचारलं.

सासूबाई शेजारच्या छोट्या खोलीत होत्या. हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन, समोर काळा ट्रे. बादलीतलं थोडं थोडं पाणी ट्रेमध्ये ओतून त्या भिंग लावून शोधत होत्या. मी भिंत धरत धरत तिथवर गेलो. त्या बराच वेळ वाकलेल्या होत्या बहुतेक, कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"नाही सापडलं?" मी विचारलं.

"नाही." त्यांनी उरलेलं पाणी ओतलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "विरघळलं असणार. गोळीने होतं तसं."

मला फार वाईट वाटलं. म्हातारी बाई हजारो पोरांना चित्रात बघा सांगत आली, आणि अगदी दारात आलेलं डोकं माझ्या नाकापायी गेलं. मी खुंटीवरचे हातमोजे घेतले. "सरका, मी बघतो. माझे डोळे अजून बरे आहेत."

"काही नको. जाऊन पडा तुम्ही," त्या म्हणाल्या. "जावयाला कुणी असली कामं लावतं का?"

मी तिथेच उभा राहिलो. इतकी वर्षं जे ऐकायला मी तरसलो होतो ते मी एका बादलीशेजारी, हॉस्पिटलचा मागून उघडा झगा घालून ऐकत होतो. झगा मागून धरायचं मला भान राहिलं नाही. तेजश्रीने येऊन धरला.

सासूबाईंनी हातमोजे काढले, साबणाने हात धुतले, आणि माझ्याकडे वळून एकदम प्राध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "आता ऐका. डोकं मिळालं नाही, म्हणजे ते गेलंच असं छातीठोक सांगता येत नाही. दोन-तीन महिने लक्ष ठेवायचं. पुन्हा तुकडे दिसले तर लगेच मला मुंबईला फोन करायचा. तेजूने नाही, तुम्ही."

"हो आई," मी म्हटलं. मग धीर करून विचारलं, "आणि नाही दिसले तर?"

त्यांनी नॅपकिनला हात पुसले. एका बोटाचं राहिलं होतं, तेही पुसलं.

"तरी करा," त्या म्हणाल्या.